साडेअकराचा मुहूर्त

काळीपिवळी जीप भरल्याशिवाय दर्यापूरच्या स्टँडवरून हलत नाही, आणि त्या सकाळी ती भरायला तयार नव्हती. लग्नसराईचे दिवस, मे महिन्याचं ऊन. ज्यांना जायचं होतं ते पहाटेच गेले होते. ड्रायव्हर नितेश बॉनेटला टेकून दाढी खाजवत उभा होता. आत मधल्या सीटवर सूर्यभान बसला होता: पांढरं स्वच्छ धोतर, नवा नेहरू शर्ट, डोक्यावर गुलाबी फेटा. अमरावतीला बडनेरा रोडवरच्या कार्यालयात त्याच्या भाचीचं लग्न होतं, मुहूर्त साडेअकराचा होता, आणि सूर्यभानला अजिबात घाई नव्हती.

त्याचा हिशोब सरळ होता. साडेअकराचं लग्न म्हणजे दीडचं. नवरदेव मारुतीच्या देवळात जाणार, तिथून वरात निघणार, नाचणारे दर चौकात थांबणार, कुणाचा तरी जावई रुसणार, त्याची समजूत निघणार, मग अक्षता. उभ्या आयुष्यात सूर्यभानने वेळेवर लागलेलं लग्न पाहिलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त सकाळचा होता आणि हार दिवेलागणीला पडले होते. आदल्या दिवशी तो हळदीला अमरावतीत होता, पण घरी गाय व्यायला आली होती म्हणून संध्याकाळी गावी परतला. पहाटे कालवड झाली. गाईचं सगळं आटोपून, आंघोळ करून, शेजाऱ्याकडून फेटा बांधून घेऊन तो आरामात दर्यापूरला आला, ओळखीच्या दोघांबरोबर चहा प्याला, आणि गाडीत येऊन बसला.

फोन वाजला. थोरली बहीण इंदूबाई, म्हणजे नवरीची आई.

"सूर्या, कुठी हायेस?"

"वलगाव सोडलं, बाई," सूर्यभान म्हणाला.

नितेशने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. वलगाव तिथून पार पलीकडे, अमरावतीच्या तोंडाशी होतं. पण फोनवर पुढचं गाव सांगायचं ही तिकडची रीत आहे. आंघोळीला बसलेला माणूस निघालो म्हणतो, निघालेला पोचलो म्हणतो. ऐकणाराही मनातल्या मनात तेवढं वजा करून घेतो. यात कुणी कुणाला फसवत नाही.

शेजारच्या सीटवर चतुराबाई नावाची एक बाई कुरड्यांचा डबा मांडीवर धरून बसली होती. मुलीकडे चालली होती. तिने सूर्यभानला नीट न्याहाळलं.

"लगन हाये वाटते."

"भाचीचं."

"सख्खे मामा?"

"सख्खा. एकटाच."

"मंग अठी काय करून राहिले?"

"साडेअकराचा मुहूर्त हाये, मावशी. लय वेळ हाये."

"हाव," चतुराबाई म्हणाली. हे उत्तर तिला पटण्यासारखंच होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी इंदूबाईचा आवाज दबलेला होता.

"सूर्या, लवकर ये बापा. ते लोक येऊन बसले."

"कोन लोक?"

"अकोल्याचे. नवरदेव मारुतीले जाऊनही आला."

"आन वरात?"

"आली न. सरळ चालत आली. कोनी नाचलंच नाही."

सूर्यभान सरळ होऊन बसला. "नाचलंच नाही?"

"एक मानूस नाही. बँडवाल्यानं दोन गाने वाजवले आन गुरुजी म्हने, पुरे. आता अंतरपाट काढून ठेवला. म्या त्याईले सांगितलं मामानं वलगाव सोडलं, तं म्हनाले, छान, म्हणजे वेळेत येतील. मले काय माहीत तू खरं सांगून राहिला का खोटं. तुह्या भाऊजीची गाडी तुले आनाले रिकामी उभी होती, तीबी दुसरीकडे पाठवून देली."

फोन बंद झाला. सूर्यभानच्या फेट्याखालून घामाची धार निघाली.

अकोल्याचे लोक म्हणजे जठारपेठेतले गोपाळकृष्ण गुरुजी आणि त्यांचं घर. पिढीजात भिक्षुकी, आणि हे लग्नही गुरुजी स्वतःच लावणार होते. त्यांचा मुलगा शुभंकर अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होता, भाची पौर्णिमाही तिथेच शिकवत होती, आणि दिवाळीत तिने गावी येऊन गोठ्याजवळ मामाला पहिल्यांदा त्याचं नाव सांगितलं. तेव्हा सूर्यभान चारचौघांत मोठ्याने म्हणाला होता, "आपल्यातले पोट्टे संपले का?" आणि मान फिरवून निघून गेला होता. महिनाभराने तो कुणाला न सांगता अकोल्याला गेला. घर पाहिलं, मुलगा पाहिला, गुरुजींशी तासभर गाईंबद्दल बोलला, त्यांच्याकडे जेवला, आणि परत येऊन बहिणीला म्हणाला, पोरगा चांगला आहे, मी उभा राहीन. पण त्याचं पहिलं वाक्य चार गावं फिरलं होतं. दुसरं घरातच राहिलं.

आता कार्यालयात ती चारही गावं खुर्च्यांवर बसली असणार. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. आज ती जागा रिकामी दिसली, तर मामा उशिरा निघाला असं कुणी म्हणणार नव्हतं. मामा आलाच नाही, असं म्हणणार होते. आणि पौर्णिमाही तेच समजणार होती.

"नितेश," सूर्यभान म्हणाला, "काढ गाडी."

"भाऊ, अजून चार सीट पाहिजेत. अशी अर्धी गाडी काढली तं बाकीचे डायवर मले उद्या लाइनीत उभं राहू देनार नाहीत."

"लगन लागून राहिलं न तिकडे."

"साडेअकराचं न? मंग काय..."

"ते वेळेवर लावतात," सूर्यभान म्हणाला.

नितेश थबकला. "म्हंजे कसं वेळेवर?"

चतुराबाईने कुरड्यांचा डबा सूर्यभानच्या मांडीवर ठेवला आणि ती खाली उतरली. रस्ता ओलांडून ती तडक एसटीच्या फलाटावर गेली. अमरावतीच्या बसची वाट पाहत तिथे बरीच माणसं उभी होती. तिचा आवाज अलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू आला.

"काहो, अमरावतीचे कोन हायेत? नवरीचा सख्खा मामा अडकला. चार मानसं पाहिजेत."

"कोनाची नवरी?" एकाने विचारलं.

"मले काय माहीत? मामा पाहा न तिकडे, रडाले आला."

फलाटावरच्या सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. गुलाबी फेटा खिडकीतून बाहेर आला होता. एक नवराबायको आधी निघाले, मग कोंबड्यांचा एक व्यापारी, आणि शेवटी वलगावच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तो म्हणाला, "मले अमरावतीले जायचं नाही, वलगावलेच जायचं हाये. पन सीट तं सीट." चतुराबाईने त्याला पुढे ढकललं.

गाडी भरली. नितेशने चावी फिरवली आणि एरवी ज्या वेगाने तो फक्त रिकामी गाडी घरी नेतो, त्या वेगाने दर्यापूर मागे टाकलं.

काळीपिवळीत बसलेली माणसं सहसा एकमेकांच्या खांद्यावर झोपतात. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. प्रत्येकाला रस्त्याबद्दल मत होतं. कोंबड्यांचा व्यापारी पुढे वाकून समोरच्या ट्रकची डावी बाजू मोकळी आहे का ते सांगत होता. नवराबायकोतली बायको मागे पाहून, मागून कोण येतंय ते सांगत होती, आणि नवरा तिला सांगत होता की मागचं सांगून उपयोग नाही. खल्लारजवळ एका माणसाने हात दाखवला. नितेशचा पाय सवयीने ब्रेकवर गेला.

"चाल, चाल," सगळी गाडी एकदम म्हणाली.

नितेशने पाय काढला. हात दाखवणारा माणूस मागे राहिला आणि लहान झाला. "हात दाखवलेली सीट म्या आजवर सोडली नाही," नितेश म्हणाला. आवाज दुखावलेला होता, पण तो हसत होता.

"पुन्य लागते," चतुराबाई म्हणाली.

"पुन्यावर डिझेल भेटते का, मावशी?"

"तू समोर पाह आधी."

वलगाव आलं तेव्हा कंपाउंडर दाराशी सरकला. "थांबू नका," तो म्हणाला, "हळू करा फक्त." गाडी हळू झाली, तो उडी मारून उतरला, दोन पावलं गाडीबरोबर धावला, आणि पत्र्यावर थाप मारून ओरडला, "जाऊ द्या."

त्याच क्षणी फोन वाजला. नाव इंदूबाईचं होतं, आवाज पौर्णिमाचा.

"मामा, कुठी आहेस?"

"वलगाव," सूर्यभान म्हणाला. "आता सोडून राहिलो."

पलीकडे कुणीतरी बांगड्यांबद्दल बोलत होतं.

"आईला तू मघाशीच वलगाव सोडलं म्हणालास."

"तवा खोटं बोललो होतो, माय. आता खरं हाये."

"मामा, तुला यायचं नसेल तर तसं सांग. मी काही म्हणणार नाही. गोपालमामा तयार आहे. पण मला दारात उभं ठेवून वाट पाहायला लावू नको."

गोपाल म्हणजे इंदूबाईचा चुलतभाऊ. जे खरं होतं ते सूर्यभानने आधीच खोटं म्हणून वापरून टाकलं होतं. चतुराबाईने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"अवं पोरी, मी चतुराबाई."

"कोण?"

"तू नाही वळखत मले. दर्यापूरची. तुह्या मामाच्या बाजूले बसली हावो गाडीत. वलगावच हाये हे, दवाखान्याची पाटी दिसून राहिली. मानूस घामानं भिजला. त्याचा मुहूर्त चुकला, नियत नाही चुकली."

गाडीतल्या सगळ्यांनी एकदम हो म्हटलं. कोंबड्यांचा व्यापारी म्हणाला, "सांगा तिले, आमी साक्षीदार हावो."

पलीकडून पौर्णिमा म्हणाली, "काकू, त्याला म्हणावं गुरुजी घड्याळ पाहून बसले आहेत. ते कुणासाठी थांबत नाहीत. स्वतःच्या भावाच्या लग्नातही थांबले नव्हते."

"येते तो," चतुराबाई म्हणाली आणि फोन बंद करून सूर्यभानला परत दिला. "गोड पोट्टी हाये. पन तुमच्यावर भरोसा नाही तिचा."

अमरावती सुरू झाली तशी गाडी सुस्तावली. नागपुरी गेटपाशी रिक्षा, हातगाड्या, फळवाले. नितेशने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. चित्रा चौकाच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे बँडचा आवाज येत होता. सूर्यभानने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत वरातीने भरला होता. घोड्यावर नवरदेव रुमाल नाकाला लावून बसला होता, आणि त्याच्यापुढे शंभरेक माणसं अशा निवांतपणे नाचत होती की जणू रस्ता त्यासाठीच बांधलेला आहे.

"गेलं," नितेश म्हणाला. "आता अर्धा तास."

सूर्यभान उतरला.

"पळत जा, भाऊ," चतुराबाई म्हणाली. "पाहू नका इकडे तिकडे."

तो पळत वरातीत शिरला आणि पहिल्या दहा पावलांतच पकडला गेला. घामाने भिजलेल्या कुडत्यातल्या एका जाड माणसाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "मामा आले," तो ओरडला. फेटा पाहून त्याने ओळख ठरवून टाकली होती. "मामाले मधात घ्या."

"मी तुमचा नाही," सूर्यभान म्हणाला. ताशाने ते गिळून टाकलं. दोन्ही बाजूंनी दोघांनी त्याचे हात वर धरले. कुणीतरी त्याच्यावर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. त्याने पुढे सरकायचा प्रयत्न केला, तर लोक सरळ चालणाऱ्याला वाट देत नव्हते. नाचणाऱ्याला देत होते. हे लक्षात आल्यावर सूर्यभान नाचू लागला. गेल्या कित्येक वर्षांत तो नाचला नव्हता. धोतराचा सोगा एका हातात धरून, दुसरा हात हवेत उडवत, तो गोल फिरत फिरत पुढे सरकला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गोल मोठा झाला. तो घोड्याला ओलांडून गेला, बँडच्या पहिल्या रांगेपाशी पोचला, समोर मोकळा रस्ता दिसू लागला, आणि तेवढ्यात त्या जाड माणसाने त्याला कमरेला धरून परत मध्ये आणलं.

मग मात्र सूर्यभानने क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बँडमास्तरच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळी ताकद लावून सांगितलं. बँडमास्तरने क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. ताशे एकेक करून थांबले. शंभर माणसं हवेत हात धरून त्याच्याकडे पाहू लागली.

"मी दुसऱ्या लग्नाचा मामा हावो," सूर्यभान म्हणाला. त्याला धाप लागली होती. "माह्यी भाची मंडपात उभी हाये. साडेअकराचा मुहूर्त हाये."

"मंग काय घाई हाये, मामाजी?" जाड माणूस म्हणाला. "आमचा साडेदहाचा होता."

लोक हसले.

"तिकडचे लोक अकोल्याचे हायेत. ते वेळेवर लावतात."

हसू थांबलं. ही गोष्ट त्यांना गंभीर वाटली. "खरंच वेळेवर?" घोड्यावरून नवरदेवाने विचारलं. त्याच्या आवाजात थोडा हेवा होता.

कडेला एक मुलगी स्कूटीवर बसून होती. जरीचा घागरा, पायात स्पोर्ट्स शूज, हँडलला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. तिने पिशवी काढून जाड माणसाच्या हातात दिली. "काकाजी, बसा," ती सूर्यभानला म्हणाली.

"तुमच्या घरचं लगन हाये न, बाई."

"भावाचं. मी परत येईन तोवर हे इथंच असतील."

"इशिता, लवकर ये," नवरदेव घोड्यावरून म्हणाला.

"तू मंडपात पोचणार आहेस का त्याआधी?" इशिता म्हणाली आणि तिने स्कूटी सुरू केली.

राजकमल चौकातून सरळ जायचं सोडून तिने गाडी गांधी चौकाच्या बाजूला घातली. तिला गल्ल्या पाठ होत्या. सूर्यभान एका हाताने फेटा आणि दुसऱ्या हाताने सीटमागची कडी धरून बसला होता. एका बोळात समोरून गाय आली. इशिताने पाय टेकून, गाडी तिरपी करून, गाईला न दुखवता ती पार केली.

"एवढं काय घाबरताय?" ती मागे न पाहता म्हणाली. "लग्न तर लागेलच ना."

"माह्यावाचून लागंल. तेच तं."

मग त्याने तिला तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. दिवाळीतलं वाक्य, गोठा, चार गावं, अकोल्याचं जेवण. अनोळखी मुलीच्या पाठीशी बोलणं सोपं होतं, आणि वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते.

"म्हणजे तुम्ही खरंच रुसला होता," इशिता म्हणाली.

"एक महिना."

"मग रुसवा गेला हे तिला सांगितलं?"

"तिच्या मायले सांगितलं."

"तिला?"

"सांगाले काय लागते? आज उभा राहनार होतो न."

इशिताने वेग वाढवला.

राजापेठला सिग्नल लाल होता आणि फोन वाजला. इंदूबाई जवळजवळ कुजबुजत होती.

"नवरीले बाहेर बोलावलं. गोपाल फेटा बांधून उभा हाये. लोक बोलून राहिले, सूर्या. ती तुह्या गावच्या वाड्यावरची बाई म्हने, म्या आधीच म्हटलं होतं, तो येत नाही. खरं सांग, कुठी हायेस?"

"राजापेठ."

"राजापेठ म्हंजे वलगाव का?"

इशिताने हात मागे करून फोन मागितला आणि कानाला लावला. "काकू, खरंच राजापेठ आहे. मी गाडी चालवते आहे."

"अन् तू कोन?"

"मी दुसऱ्या लग्नातली," इशिता म्हणाली. सिग्नल हिरवा झाला आणि तिने फोन मागे दिला.

बडनेरा रोड रुंद होता. दोन्ही बाजूंना कार्यालयं, कमानी, झिरमिळ्या. प्रत्येक कमानीवर कुणाचं तरी नाव आणि कुणाचं तरी नाव. सूर्यभान डावीकडच्या पाट्या वाचत होता, इशिता उजवीकडच्या. कमान सापडली तेव्हा गाडी पूर्ण थांबायच्या आत तो उतरला, अडखळला, सावरला, आणि धावला. मागे वळून त्याने हात जोडले. तिने हाताने त्याला पुढे हाकललं.

आत इतकी शांतता होती की तो दारात क्षणभर गोंधळला. लग्नात लोक खुर्च्यांवर गप्प बसलेले त्याने कधी पाहिले नव्हते. समोर मंडपात अंतरपाट धरलेला होता. पलीकडे शुभंकर. अलीकडे पौर्णिमा, हिरवा शालू, हातात हार, आणि तिच्या पाठीमागची जागा रिकामी. गोपाल फेटा बांधून उभा होता, पण दोन हात लांब, खांबाशी. तिने त्याला तिथेच थांबायला सांगितलं होतं, हे पाहताच कळत होतं. ती पुढे बघत होती. मान ताठ होती.

सूर्यभान मधल्या गालिच्यावरून पळत गेला. दोन्ही बाजूंच्या माना वळल्या. त्याच्या शर्टला घाम होता, फेट्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या, धोतराला स्कूटीचं काळं ग्रीस लागलं होतं. तो मंडपाच्या पायरीवर चढला आणि थेट भाचीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. पौर्णिमाने मागे पाहिलं नाही. पण तिचे खांदे हलले आणि खाली आले.

गोपाळकृष्ण गुरुजींनी हात वर केला. "थांबा."

गुरुजी किडकिडीत, उंच. डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग सूर्यभानकडे पाहिलं.

"सूर्यभानजी, वलगाव सोडून तुम्हाला बराच वेळ झाला."

"हो, गुरुजी."

"मुलीला मंडपात कुणी आणलं?"

पौर्णिमाच म्हणाली, "मी एकटी आले."

"अस्सं." गुरुजींनी माईक हातात घेतला. "मुलीला मामाने आणायचं असतं. मला वाटलं मामा पोचत नाहीत, म्हणून मी चालवून घेतलं. आता आहेत. मामांनी मुलीला आत न्यावं आणि पुन्हा घेऊन यावं."

सभागृहात कुजबुज झाली. देवराव, म्हणजे नवरीचे वडील, पुढे झाले. "राहू द्या न, गुरुजी. पोचला न तो. तुमचा मुहूर्त जाईल."

"मुहूर्ताला अवकाश आहे," गुरुजी म्हणाले. "मी सगळं आधी मांडून ठेवतो, ते घाई करायला नव्हे. न्या तिला."

अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो खाली घेतला आणि हात झटकले. शुभंकरने त्या दिवशी पहिल्यांदाच नवरीचा चेहरा पाहिला आणि वडील बघत आहेत हे पाहून नजर वळवली.

सूर्यभान आणि पौर्णिमा गालिच्यावरून उलट चालत गेले, सगळ्यांच्या देखत, आणि नवरीच्या खोलीत शिरले. दार लोटलं गेलं. आत आरसा, सांडलेली पावडर, पिशव्यांचा ढीग. इंदूबाई मागोमाग आली आणि दारातच उभी राहिली. भावाला काय काय बोलायचं ते तिने सकाळपासून ठरवलं होतं, पण त्याचं रूप पाहून तिने नुसतं पाणी पुढे केलं. त्याने ते एका दमात प्यायलं.

"मी रुसलो नव्हतो," तो पौर्णिमाला म्हणाला.

"रुसला होता."

"होतो. मंग अकोल्याले जाऊन आलो."

"आईने सांगितलं. तू नाही सांगितलंस."

"आता सांगून राहिलो. पोरगा चांगला हाये. घरही चांगलं हाये. मले आवडलं." त्याने ग्लास ठेवला. "तवा गोठ्यात जे बोललो, ते चारचौघात बोललो. हेबी चारचौघात बोलाले पाहिजे होतं. ते म्या केलं नाही."

पौर्णिमाने त्याच्या फेट्यातली एक पाकळी काढली, पाहिली. "हे कुठलं?"

"नाचलो."

"कुठी?"

"दुसऱ्याच्या लग्नात."

ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा, असं इंदूबाई नंतर सगळ्यांना सांगत होती. मग तिने पदर नीट केला आणि मामाच्या कोपरात हात घातला.

दार उघडलं. बाहेर माईकवरून गुरुजींचा आवाज आला, ठाम आणि स्वच्छ: "मुलीचे मामा, श्री. सूर्यभान, मुलीला घेऊन येत आहेत." सगळ्या खुर्च्या वळल्या. पहिल्या रांगेत वाड्यावरची ती बाई होती, तिच्या शेजारी गावचे दोन म्हातारे, त्यांच्यामागे चार गावं. कार्यालयाच्या दारात घागरा आणि स्पोर्ट्स शूज घातलेली एक मुलगी अजून उभी होती. आपल्या भावाच्या लग्नाला तिला आणखी वेळ होता.

सूर्यभान भराभर चालू लागला. सकाळभराची धावपळ पायांत भिनली होती. पौर्णिमाने त्याचा हात दाबला.

"हळू चाल, मामा," ती समोर पाहत, ओठ न हलवता म्हणाली. "सगळ्याईले दिसू दे."

त्याने पाऊल आवरलं. मंडपात गुरुजी घड्याळाकडे एकदा पाहून पुन्हा वाट पाहू लागले.